अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

प्रिय दर्शू,

फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे. इकडे आंब्याचं पॅकिंग चालू आहे. यंदा माल कमी, मालकाची कटकट जास्त. आत्याकडे लाजू नको, पोटभर जेवत जा.

काल तुझ्या शाळेतले मुकुल सर शेडवर पेटी न्यायला आले. म्हणाले, गोदाताई, दर्शनानं ती संख्या शेवटपर्यंत नेली का हो? मी म्हटलं, कसली नेतेय, तिला एक भागाकार धड येत नव्हता, दरवेळी बाकी. सर बघतच राहिले. म्हणाले, अहो, बाकी उरत होती तेच तर हवं होतं.

मग त्यांनी पेटीच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलं, ५८८२३५३. दहा कोटी एकला सतरानं भागून तू ती काढलीस म्हणे. आणि तिला कोण भागतं ते बघत दोन, तीन, पाच, सात असं २४२३ पर्यंत जायचं होतं. तिथवर सगळीकडे बाकी उरली की पुढे बघायलाच नको, तिला कुणीच भागत नाही. वर आणखी एक गंमत. तिचे दोन तुकडे करायचे. ५८८ ला ५८८ नं गुणायचं, २३५३ ला २३५३ नं, आणि बेरीज केली की तीच संख्या परत. मला खरं वाटेना. चिकानं माखलेल्या हातानं मोबाईलवर तीनदा केलं. तीनदा तीच आली.

आमच्या शाळेत बाकी उरली की बाई छडी मारायच्या, पुन्हा कर म्हणायच्या. दहावीच्या सुट्टीत तू पानंच्या पानं तोच आकडा भागत बसलीस, एकाही गणिताखाली शून्य नाही. मला वाटलं, पोरगी ढ निघाली. म्हणून ती वही फाडून पेट्यांत घातली, पेंढ्याखाली. त्या रात्री तू जेवली नाहीस. मी वर म्हटलं, काय गो, कागदावर कोण रुसतं?

वहीचं तुला माहीत आहे. पुढचं नाही. त्याच आठवड्यात सरांनी पुण्याच्या गणित शिबिराचा फॉर्म माझ्याकडे दिला होता, तुझ्या नावाचा. मी सही केली नाही. तिथे तुझं हसं होईल, लोक मला नावं ठेवतील, असं वाटलं. सरांना सांगितलं, तिलाच जायचं नाही. तुला सांगितलं, सरांनी दुसरीला निवडलं. तू त्यांना रस्त्यात बघून तोंड फिरवलंस, गणित सोडलंस, कॉमर्स घेऊन चिपळूणला गेलीस. दोन वर्षं मी गप्प. काल सर विचारत होते, दर्शना माझ्यावर का रागावली? मी खाली मान घालून पेटीला खिळे मारत राहिले. रविवारी त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. त्यांना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझीच,
आई