जादा किल्ली

धाकट्या,

मी वकिलाची फी वाचवली, तिची किंमत तू कोठडीत भरतोयस.

आपण कुलूप बसवलेल्या गोदामातल्या चोरीबद्दल मला पोलिसांनी चौकशीला बोलावलं. साहेब म्हणाले, "हवा तर वकील बोलवा." मी हसलो. "साहेब, किल्ली फिरली की कुलपाचं दुखणं कळतं या कानांना. वकील कशाला?"

चहा आला, जीभ सैल सुटली. जादा किल्ली तुझ्याकडे असते, हे मीच सांगून बसलो. चोरी झाली त्या दुपारी तू माझ्याच घरी जेवत होतास, हे सांगायचं राहून गेलं. आता सांगतो, तर म्हणतात, "भाऊच तो, सांगणारच."

उद्या भेटीत हे बोलवेल का, ठाऊक नाही. पत्र खिशातच राहील. वकिलाचं मला एकदाच विचारलं, असं मी तुझ्या वकिलाला छातीठोक सांगितलं. जबाबाच्या कागदावर तीनदा विचारल्याची नोंद आहे. तिन्हींखाली सही माझी आहे.

तुझा,
दादा