मासिकाला माणसात आणताना

२ जून

सतरा! एका अंकात सतरा तऱ्हेची अक्षरं मोजली मी. लेखाला एक, लेखकाच्या नावाला दुसरं, कवितेला वेलबुट्टीचं. संपादकांच्या मनोगताला तर सावली पडलेलं — अक्षरं उन्हात उभी असल्यासारखी. प्रत्येक पानाला चौकट, चौकटीत पुन्हा चौकट. मुखपृष्ठावर कोणीतरी फीत कापतंय. मागच्या महिन्यात कापत होता तो माणूस वेगळा, कात्री तीच.

आणि हे म्हणे आपल्या भागाचं एकमेव मासिक! एकोणतीस वर्षं असंच चाललंय. आजपासून मांडणी माझ्याकडे.

घरी आले तर आई दारातच. "मग, तुझा अंक कधी येणार?" माझी खुर्ची अजून गरम झाली नाही आणि हिला अंक हवा! ती पहिल्या वर्षापासूनची वर्गणीदार. जाहिरातींसकट वाचते.

५ जून

संपादकांना नमुन्याचं पान दाखवलं. लेख संपतो, खाली वीतभर जागा मोकळी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे करायचं राहिलं का?"

"राहिलं नाही, ठेवलंय. डोळ्यांना विसावा."

"विसावा घरी घेतील की लोक! इथे एक सुविचार बसतो."

सुविचार! यांच्या खणात सुविचारांची अख्खी वही आहे, लांबीप्रमाणे लावलेली. दोन ओळींची जागा उरली की दोन ओळींचा, चार उरल्या की चार ओळींचा. शिंप्याकडे ठिगळं असतात तशी. हसू दाबता दाबता मला ठसका लागला, तर बिचाऱ्यांनी पाणी आणून दिलं.

९ जून

छापखान्यात गेले. मी मजकूर आतल्या घडीपर्यंत नेला होता. मशीनवाल्या काकांनी पानावर अंगठा ठेवला. "ताई, पिना मारल्या की एवढं आत जातं. एक बोट सोडा." सोडलं. कारण सांगता येतं असा नियम मी मुकाट्याने पाळते. रकाने तीन ठेवले, पानांचे आकडेही बाहेरच्या कोपऱ्यातच ठेवले.

बाकीचं सगळं म्हणजे कोणीतरी कधीतरी केलं आणि पुढच्यांनी डोळे मिटून गिरवलं. चौकटी गेल्या. सावल्या गेल्या. सतरातली दोन अक्षरं उरली. सुविचार एकही नाही!

१४ जून

मुखपृष्ठावरून भांडण. चांगलं कडकडीत.

माझं मुखपृष्ठ: पांढरं पान, खाली नदीतला एक गोटा. फोटो मीच काढला, त्यासाठी तीन सकाळी पाण्यात उभी राहिले. मासिकाचं नाव बारीक, करड्या रंगात, डाव्या कडेला उभं. बस्स.

"नाव वर पाहिजे," संपादक म्हणाले. "मोठं. तांबडं."

"का पण?"

"वरच असतं."

हे यांचं उत्तर! एकोणतीस वर्षांचा अनुभव तो हाच. मी हटत नाही म्हटल्यावर म्हणाले, "लोक नाव वाचत नाहीत हो, बघतात." म्हणजे काय ते विचारलं, तर त्यांनी नुसता हात हवेत आडवा फिरवला.

मी सांगून टाकलं — मग घ्या तुमची कात्री आणि बसा फिती कापत, मी निघाले. संपादकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच, "तुम्ही शिकलेल्या आहात. करा."

हरले एकदाचे! जिन्यावरून उतरताना थोडं वाईट वाटलं. थोडंच.

२० जून

"छापलं का? तुझं नाव कुठल्या पानावर?" आईचं रोज हेच. मी ताकास तूर लागू देत नाही. शेजारच्या मावशींना तर ती सांगून मोकळी झालीय — आमची लेक मासिक काढते. लहानपणी हीच म्हणायची, नुसत्या रेघोट्या मारून काय मिळणार आहे तुला!

ठरवलंय, अंक तिच्या हातात द्यायचा नाही. मी दिला तर लेकीचा म्हणून गोड बोलेल. इतर बाराशे जणांसारखा पोस्टानेच येऊ दे. मग ती काय म्हणते ते ऐकते.

संपादकांना आवडो न आवडो, मला काडीचाही फरक पडत नाही. तिला आवडायला हवा. हे इथेच लिहितेय, तोंडाने कधी म्हणणार नाही.

२७ जून

आला छापून. देखणा! जाड, मऊ कागद. काकांनी गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." कौतुक की टोमणा, कळलं नाही. संपादक अंक उलटसुलट करत होते, नाव सापडत नसावं. मी सांगितलं नाही. शोधा म्हटलं!

पाठीमागे पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवून सगळे अंक पोस्टात पडले.

२ जुलै

ज्यांच्याकडे मी हे काम शिकले त्या सरांना एक अंक माणसाहाती पाठवला होता. त्यांचा फोन! "हिंमत केलीस. पानं श्वास घेतायत." अशी माणसं या ऑफिसात जन्माला येत नाहीत.

४ जुलै

फोन थांबेना. "अंक आला नाही." "या महिन्याचा बंद केला का?" दुपारपर्यंत एक्केचाळीस! संपादक प्रत्येकाला "पाठवलाय हो, पाठवलाय" म्हणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

पोस्टवाले! वर्षानुवर्षं तेच एक काम, आणि तेही धड नाही. माझा गठ्ठा कुठल्या टेबलाखाली लोळतोय कोण जाणे. दोन पानी सणसणीत तक्रार लिहिली. संपादक म्हणाले, "थांबा जरा, घाई नको." का थांबू? यांना कशाची चाडच नाही.

आईलाही आलेला नाही. जेवताना दोनदा विचारलं तिने.

५ जुलै

तक्रार देऊन आले. साहेबाला समोर बसवून वाचून दाखवली.

६ जुलै

चहाला साखर काढायला गेले. फळीवर, तेलाच्या बरणीखाली, माझा गोटा.

"ते होय? फरशीच्या दुकानाची जाहिरात आली होती अगं," आई म्हणाली. "चाळून बघितली, निम्मी पानं कोरीच! पण कागद छान जाड आहे, तेल खाली उतरत नाही." मग कप माझ्या हातात देत — "तुझा अंक कधी येणार गं?"