हत्तींचे डोळे राहिलेत

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुनेचा, ऋतुजाचा फोन. "आई, नंदूच्या वाढदिवसाला प्राण्यांची बिस्किटं कराल? जंगल हवंय तिला. विकतची नको म्हणते, आजीचीच हवीत!" हो म्हणून बसले. मला बिस्किटं कुठे येतात? शंकरपाळे येतात!

पाच पूर्ण होतील पोरीला. हे गेले तेव्हा रांगत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीबागेतून साचे आणले. हत्ती, जिराफ, सिंह, ससा.

ओव्हन ह्यांनी हौसेनं घेतला होता. मी त्यात कढया ठेवायची. "एकदा तरी लाव गं," म्हणायचे. दिवाळी झाली की लावू, पाहुणे गेले की लावू. राहिलंच. आज कढया बाहेर काढल्या.

लोणी जास्त झालं. सगळे प्राणी पसरले. वरच्या सत्यशीलाताई आल्या, ताटात वाकून बघितलं.

"काय हे, गाभण पाली?"

"हत्ती आहेत."

"असतील. तुम्ही म्हणताय म्हणजे असतीलच."

आणि तीन पाली खाऊन गेल्या!

११ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालयातून पुस्तक आणलं. सातवीत शाळा सुटली, पण छापलेलं समोर असलं की मला कळतं. चूक सापडली — कापून झाल्यावर पीठ परत फ्रीजमध्ये ठेवायचं. ठेवलं. सोंडा टिकल्या!

तुटलेली बाजूला काढली. शंकरपाळ्यांतला चुरा हेच खायचे. "अख्खे पाहुण्यांना," म्हणायचे. बशी आज तशीच पडून आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऋतुजानं बेत सांगितला. संध्याकाळी आधी औक्षण, मग केक.

हे गेल्यापासून मी नंदूला ओवाळलेलं नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मीच उठून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई जायच्या, आत्या जायची — पाय आपोआप वळले. वाटलं होतं, कोणीतरी "अहो, या ना" म्हणेल. तेजस बायकोला हळूच म्हणाला, "राहू दे, आईला त्रास नको." माझ्या मुलानं माझी काळजीच केली. पुढच्या वर्षापासून मग कोणी विचारलंच नाही.

आता आपल्या तोंडानं कसं सांगायचं, की मला ओवाळायचंय म्हणून?

या वेळी उठायचं नाही. खुर्चीत बसून राहायचं. बोलावतील. एवढंच करायचं, बसून राहायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

विश्रांतवाडीला तेजसच्या घरापर्यंत रिक्षात डबा मांडीवर. एका जिराफाची मान गेली.

विहीणबाई, भाग्यश्रीताई, आधीच आल्या होत्या. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षीच्या दिवाळीत गेले. आज मोतिया रंगाची छान साडी नेसल्या होत्या. म्हटलं, बरं केलंत. तर लाजल्या.

दोघी रंगवायला बसलो. पिठीसाखर, लिंबाचा रस, रंग. मेंदीच्या कोनासारखा कोन केला. त्यांचा हात सफाईदार! डोळ्यांना काळे तीळ — ही माझी युक्ती.

"सिंहाला हसवू की चिडवू?" त्यांनी विचारलं.

"तेजससारखा करा. भूक लागलेला."

किती दिवसांनी अशी हसले.

मग ऋतुजानं पाट मांडला. "चला गं सगळ्या, ओवाळायला!" मी खुर्चीत होते. बसून होते. शेजारच्या बायका उठल्या. एकीच्या हातात तबक होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं! आणि मी म्हणाले, "हत्तींचे डोळे राहिलेत."

उठले. आत गेले.

डोळे केव्हाच झाले होते.

मागोमाग भाग्यश्रीताई. "मी पण हात लावते जरा," म्हणाल्या. लावायचा कशाला? सगळे हत्ती आमच्याकडे टकाटका बघत होते. त्यांनी एक तीळ उचलला, परत वाटीत टाकला. बाहेर हसणं, फोटो, "नंदू, इकडे बघ!" आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या.

"झालं वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

बिस्किटं संपली. नंदूनं आधी सोंड खाल्ली. "आजी, हत्ती गोड असतो!" सगळे किती छान म्हणाले. मी मात्र एकही खाल्लं नाही. इतकं ठरवून गेले होते. कोणी ढकललं नाही, कोणी अडवलं नाही. मीच!

१७ नोव्हेंबर, सोमवार

काही लिहावंसं वाटत नाही. तुटलेले तुकडे चहाबरोबर खाल्ले. मऊ पडलेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऋतुजा डबा परत द्यायला आली. चहा घेतला नाही. दारातच म्हणाली, "आई, राग मानू नका. त्या दिवशी माझ्या आईला ओवाळायचं होतं नंदूला. महिनाभर समजावून तयार केलं होतं मी तिला. साडीसुद्धा मुद्दाम नेसली होती. मग तुम्ही उठलात. ती म्हणाली — विहीणबाई मोठ्या, त्या आत गेल्यावर मी कोणत्या तोंडानं बाहेर बसू?"

मला वाटत होतं, मी फक्त माझंच घालवलं.