छोटी चरवी

हिंगोली, पौष वद्य ३, शके १८६१

ती. सौ. कालिंदीअक्कास, शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. अनुसूयेला जाऊन परवा तीन महिने झाले. स्वयंपाकाला निर्मलाबाई येतात. घर झाडलेलं असतं. काळजी करू नये.

कचेरीत वरून हुकूम आला आहे की गल्लोगल्ली दूध विकणाऱ्यांचे नमुने घ्यावेत. दारोगासाहेबांनी एक काचेची नळी आणली आहे. दुधात पाणी असलं की ती जास्त खोल बुडते. मी कारकून, तेव्हा वही माझ्याकडे. हरिचंदच्या दुधात निम्मं पाणी निघालं. त्यानं सांगितलं की म्हैस दिवसभर कयाधू नदीत बसून राहते, मग दूध पातळ व्हायचंच. दारोगा हसले आणि खटला भरला.

पारुबाई पंधरा वर्षं आपल्याकडे रतीब घालते. बाईमाणसाला भर पेठेत अडवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून तिचा नमुना आपल्याच दारात घेतला, तिच्या छोट्या चरवीतला. नळी बुडाली. तिनं दारोगांना विचारलं की जिला तोंड न्हाई ती नळी बोलते कशी. पाणी का घातलं विचारलं, तर चरवी उचलून चालू लागली. तिच्या दुधाची मी गावभर तारीफ केली, आणि अनुसूया गेल्यावर घरात बघणारं कोणी नाही म्हणून हिनं पाणी घालायला सुरुवात केली. फिर्यादीवर सही माझीच आहे. दशमीला मुन्सिफांपुढं तारीख. गुन्हा शाबीत झाला तर तिला गावात दूध विकता येणार नाही. मला बरं वाटत नाही, पण दुसरा उपाय नाही.

ती. व्यंकटरावांना नमस्कार. लोभ आहे तसा राहू द्यावा.

तुझा राधाकृष्ण

नरसी, पौष वद्य ६

चि. राधाकृष्णास कालिंदीचे आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. बाबा, ते पाणी आजचं नाही, अकरा वर्षांचं आहे.

साखरा गावच्या लग्नात बासुंदीच्या चार वाट्या पिऊन तू दोन दिवस परसदारी मुक्काम केला होतास, ते विसरलास काय? वैद्यांनी तेव्हाच अनुसूयेला सांगितलं की नवऱ्याला दूध पातळ करून द्या. तू पेला सारून म्हणालास की पातळ दूध आजाऱ्यांनी प्यावं, माझं पोट लोखंडी आहे. बरं, रतीब तू स्वतः दारात उभा राहून मोजून घेणार आणि स्वतःच चुलीवर ठेवणार. मग अनुसूयेनं पाणी घालावं कधी? तिनं पारुबाईलाच गाठलं. तुझ्यासाठी छोटी चरवी वेगळी, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून नामदेवाची आण घातली. शेवटच्या आजारपणात पारुबाई भेटायला आली तेव्हाही तिनं हेच पुन्हा बजावलं. मी दाराआड भांडी पुसत होते. मला आण कुणी घातली नव्हती, म्हणून लिहिते.

तुझ्या लोखंडी पोटाची तारीफ व्हायची ती पारुबाईची व्हायला हवी होती. आता काय करायचं ते तू ठरव. तब्येतीला जप. आम्हां सर्वांची माया तुझ्यापाशी आहेच.

कालिंदी

हिंगोली, पौष वद्य ८

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

पत्र पोचलं. पारुबाईच्या गोठ्यावर जाऊन विचारलं. तिनं उलट मलाच विचारलं की कोन वैनी आन् कसलं पानी, आणि शेण काढत राहिली. आण मोडायची नाही असं दिसतं. मग बोलायचं तर मलाच. रात्री झोप नीट लागली नाही. अधिक काय लिहू.

राधाकृष्ण

हिंगोली, पौष वद्य १२

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दशमीला साक्ष दिली. पाणी माझ्या घरच्या सांगण्यावरून घातलं, असं म्हणालो. मुन्सिफसाहेबांनी कारण विचारलं. मी पोटाचं सांगितलं. ते म्हणाले की जरा मोठ्यानं सांगा, कारकुनाला लिहून घ्यायचं आहे. मोठ्यानं सांगितलं. मागं हरिचंद बसला होता, तो सगळ्यांत जास्त हसला. मग पारुबाईची गावाला दूध घालायची मोठी घागर मागवून नळी सोडली; दूध चोख निघालं. ती सुटली. बाहेर आल्यावर तिनं मला ऐकवलं की आण तिनं मोडली न्हाई, मालकांनीच मोडली, तवा नामदेवानं काय ते मालकांचं बघावं.

कचेरीत आता शिपाईसुद्धा सकाळी पोटाची विचारपूस करतो.

काल मी तिच्याकडून हट्टानं मोठ्या घागरीतलं दूध घेतलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आज तिनं काही न विचारता छोटी चरवी पुढं केली, आणि म्हणाली की वैनीनं शेराला दोन पळ्या पानी सांगितलं व्हतं, पर आता मालकांचं वय झालं, तीन घालू काय.

मी सांगितलं की दोनच. अनुसूयेनं सांगितल्या होत्या तेवढ्याच.

संक्रांतीला तुझ्याकडे येता आलं नाही, पुढं येईन. बासुंदी करू नकोस. आपल्या मायेखाली असू द्यावं.

तुझा राधाकृष्ण