गाळून घेतलेला नमुना

भेस्तान, सुरत
६ जानेवारी २०२५

ती. उषाआत्यास,
केतकीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, ते या वेळी बरंच झालं. केदारसमोर हे बोलता आलं नसतं.

आमच्याकडे शिरेतून द्यायचं औषध बनतं. त्यातल्या अतिसूक्ष्म कणांवर मी लेझर सोडते. बारीक कण भरभर हलतात, मोठे संथ. प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून यंत्र आकार सांगतं. या बॅचचा सरासरी आकडा हवा तसाच आला. पण आलेख शेवटी सपाट व्हायला हवा, तो होत नाही, शेपटी वळवळत राहते. पुन्हा मोजलं की आकडा बदलतो. आत कण चिकटून झालेले मोठे गोळे असतील, नाहीतर धूळ.

आमच्या लॅबचे सर म्हणाले, धूळच आहे, नमुना गाळून घे आणि अहवालावर सही कर. गाळल्यावर आकडा देखणा येतोच गं, पण गोळेही गाळणीतच राहतात! रुग्णाला टोचताना कोण गाळणार? बॅच केदारनेच बनवलीय. घरी आला की म्हणतो, विषय संपव. क्वार्टर कंपनीचं, नवरा कंपनीचा, शेजारीणसुद्धा कंपनीची. जाऊ कुठे?

पत्राची वाट बघतेय.
तुझी केतकी

चाळीसगाव
११ जानेवारी

चि. सौ. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, तरी तुझं यंत्र काही मला कळायचं नाही. पण धुळीवर तुझा स्वतःचाच विश्वास नाही, एवढं कळलं. तांदळात एक खडा दिसला की अख्खं सूप पुन्हा निवडायला लावणारी तू! मग आधी खात्री करून घे. केदारवर चिडू नकोस. भ्यालेला माणूस घरातच आवाज चढवतो. जेवत जा वेळेवर.

तुझ्या काळजीत,
आत्या

भेस्तान, सुरत
१९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गाळलेलं नुसतं पाणी मोजलं, स्वच्छ निघालं, म्हणजे यंत्रात दोष नाही. मग त्याच बॅचच्या नव्या बाटल्या न गाळता मोजल्या. प्रत्येकीत तीच शेपटी. धूळ अशी सगळ्यांत सारखी नसते, ती धूळ नव्हेच. मी सही नाकारली, तेव्हा सरांनी मला उठवून यंत्रावर केदारला बसवलं.

संध्याकाळी तो बूट न काढताच पलंगावर बसला. म्हणाला, गाळून मोजलं, छान आलं. मग न गाळता मोजलं. तीच शेपटी. सही त्यानेही केली नाही.

बॅच शीतगृहात पडून आहे. सर तिसरा माणूस शोधताहेत. आम्ही सोडून गेलो, तर ती त्याच्या सहीने बाहेर पडेल आणि आमची मोजमापं पुढे करून अडवणारं कुणी उरणार नाही, म्हणून जाताही येत नाही. उद्या पुन्हा दोघं एकाच स्कूटरवर त्याच गेटातून आत जाणार.

तुझी माया इथवर पोचते, ती पोचत राहू दे.
तुझी केतकी