आजीच्या दहात बारा

काव लान्ह
६ एप्रिल

प्रिय क्वेनताई,

कशी आहेस? रात्रपाळी संपली का? आईचा गुडघा बरा आहे. बरा म्हणजे माझं ऐकायचं नाही इतका बरा. पहाटे उठून धक्क्यावर आंब्याच्या टोपल्या मांडते, आणि मी काही बोलले की म्हणते, "तू तुझी पोरं शिकव, मला माझं गिऱ्हाईक बघू दे." आंबा यंदा चांगला उतरलाय.

पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर आई शेजारी बसलेली असते आणि खुए हातातून फोन ओढते. तुझ्या लेकीबद्दल तिच्यासमोर काय बोलणार?

तू विचारलं होतंस, तिला दशक-एकक येतं का. तुझ्या सायगॉनची ती शाळा दुसरीत घेताना तेच बघते, आणि नाही आलं तर खुए आणखी वर्षभर आमच्याकडेच राहणार. प्रश्न सरळ होता. उत्तर मीच लांबवलं.

त्या आठवड्यात वर्गात नारळाच्या झावळीचे हीर वाटले होते, प्रत्येकाला छत्तीस. दहा-दहाची जुडी बांधून रबर लावायचं. जुड्या डावीकडच्या डब्यात, सुटे उजवीकडच्या. मग पाटीवर आधी जुड्यांचा आकडा, त्याच्या शेजारी सुट्यांचा. दिएप म्हणून तिची मैत्रीण आहे, तिच्या तीन जुड्या झाल्या आणि सहा सुटे उरले. खुएच्याही तीनच जुड्या, पण उजवा डबा रिकामा. पाटीवर ठसठशीत तीस.

"बाई, हिच्या जुड्या लठ्ठ आहेत," दिएपनं चुगली केली.

मी रबर काढून मोजलं. प्रत्येक जुडीत बारा.

"खुए, हे दहा आहेत?"

"हो. आजीचा दहा असाच असतो."

"मग हे वरचे दोन?"

"ते मोजायचे नसतात, बाई. मोजले तर गिऱ्हाईकाला वाटतं आपण चिक्कू आहोत."

मागून एकजण म्हणाला, "आमच्या घरी तर चौदाचा असतो." आणि जुड्या सोडून पुन्हा बांधायला लागला. अर्धा वर्ग धंदेवाल्यांचा, ताई. कुणाला चूक म्हणायचं? आपण दोघीही त्याच दहावर वाढलो.

त्याच संध्याकाळी तुझा प्रश्न आला. समोर तिची पाटी होती. वाटलं, हिचा फोटो काढावा आणि तुला पाठवून द्यावा. खोटं एक अक्षर लिहावं लागलं नसतं. तू म्हणाली असतीस, राहू दे मग अजून वर्षभर, आणि वर माझे आभार मानले असतेस.

शेजारची काकी परवा म्हणाली, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही." मी तिला तोंडावर दटावलं, भलतंसलतं बोलू नका म्हटलं. पण ऐकायला गोड वाटलं. ते तुला सांगायलाच हवं. गेल्या महिन्यात खुएला ताप भरला होता तेव्हा तिनं "आई" म्हणून हाक मारली. आपली आई धक्क्यावर होती, तू तिकडे. मी "ओ" दिली. तिनं कुणाला हाक मारली ते मी विचारलं नाही.

मी फोटो काढला नाही. पण उत्तरही लिहिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी आंघोळ घालताना खुएनं मला विचारलं, "मावशी, शाळेत गिऱ्हाईक नसतं ना?"

"नसतं."

"मग तिथे बरोब्बर दहा."

झालं. मी एवढी तयारी केली होती, डबे, रबरं, चित्रं, आणि तिनं साबणाच्या फेसात बसून गाठ सोडवली. दुसऱ्या दिवशी दहा जुड्यांची मोठी मोळी बांधून माझ्यासमोर आपटली, "हे शंभर." मग धक्क्यावर जाऊन आईला सुनावलं, "आजी, तुझ्या शंभराला तू वीस आंबे फुकट देतेस." आई म्हणाली, "हळू बोल, भवाने, गिऱ्हाईक ऐकेल." पण दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच कौतुकानं सांगत होती.

तर ताई, तिला येतं. तिकडच्या पोरांपेक्षा थोडं जास्तच येतं.

मेअखेरीला शाळा सुटेल, तेव्हा ये. तिचे केस ओले असताना विंचरू नकोस, रडते. भातात मासळीचा रस्सा आधी, भाजी नंतर. झोप लागेपर्यंत पाठीवर हात ठेवावा लागतो. हात लवकर काढलास तर तिला कळतं. सुरुवातीला ती माझं नाव घेईल. तेव्हा रागावू नकोस, आणि मला फोनही लावून देऊ नकोस. तिला तुझी सवय होऊ दे.

ती तयार आहे. माझं विचारू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
आणि खुएची मावशी,
न्हुंग