माईलिसची निळी गाडी

१२ एप्रिल
पोहोचले बाई एकदाची! गोथेनबर्गहून दोन दिवसांचा प्रवास, सतरा खोकी सामान, आणि आता हे माझं घर. पन्नाशीत लग्न करून कुणी बर्फात राहायला जातं का, असं बहीण म्हणाली होती. तिला इथली नदी दाखवायला हवी. बर्फ अजून गुडघाभर आहे, पण ऊन असं की आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो. हॉकनने वेलदोड्याचे बन स्वतः भाजले होते. जरा करपले, तरी मी तीन खाल्ले. नवरा बन भाजतो म्हटल्यावर तक्रार कसली करायची?

१५ एप्रिल
जुन्या गोठ्यात एक गाडी आहे. फिकट निळी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लाकडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवलेली. हॉकनच्या पहिल्या बायकोची, माईलिसची. ती अकरा वर्षांपूर्वी आजाराने गेली. त्याच महिन्यात त्याने गाडी कागदोपत्री वापरातून बंद केली आणि वर ताडपत्री घातली. आता शेजारच्या ब्योर्येच्या मदतीने ती चालू करायची म्हणतो. मी म्हटलं, कर की, पुरुषाला छंद असलेला बरा. ब्योर्ये सत्तरीचा आहे, गावातले निम्मे ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून गेलेत. मला म्हणाला, उल्रिकाबाई, मे संपेपर्यंत नवरा विसरा, हवा असेल तर गाडीखाली वाकून बघा! खूप हसलो.

२२ एप्रिल
मागच्या सीटमधून उंदरांची तीन घरटी निघाली. इंजिनाचे प्लग काढून भोकांतून तेल ओतलं, दोन दिवस मुरू दिलं, मग इंजिन पान्याने बोटबोटभर फिरवलं. घाई केली की आत जाम झालेलं मोडतं, असं ब्योर्ये सांगतो. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचं चिकट वार्निश झालं होतं, त्याचा वास हॉकनच्या केसांना येतो. जेवताना दोघांचा विषय एकच. माईलिस उणे तीस अंशातही गाडी एका झटक्यात सुरू करायची. माईलिस आवाजावरून बिघाड ओळखायची. मी केलेल्या माशाच्या सुपाबद्दल अवाक्षर नाही. मेलेल्या सवतीवर जळू नये, हे कळतं मला. पण जळतेय. जिवंत सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं.

२९ एप्रिल
आज गाडी पुसून देताना ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय पोचेनात, माईलिस उंच होती. सीट पुढे ओढली. जेवून आले तर सीट पुन्हा मागे. हॉकन म्हणाला, अगं, जुना खटका आहे, सटकतो. मी पुन्हा ओढली आणि समोर उभी राहिले. हलली नाही. पाठ वळवली मात्र, आणि खट्. हात लावून पाहिला. गोठ्यात पाणी गोठत होतं आणि सीट गरम होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

४ मे
गाडी सुरू झाली. ब्योर्ये बॅटरी जोडत होता, दुसरी तार अजून त्याच्या हातातच होती. किल्लीला कुणी हात लावला नव्हता. ब्योर्येने तार खाली टाकली आणि पाठ दुखते म्हणत तडक घरी गेला. हॉकनला यात काही वावगं वाटलं नाही. तो गाडीच्या टपावर गाल टेकून रडला. आमच्या लग्नात त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

९ मे
गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सक्तीची तपासणी सोळा तारखेला. बंद गाडीला रस्त्यावर यायची मुभा एवढीच: वेळ ठरवायची, त्या दिवशी जवळच्या रस्त्याने जायचं आणि परत यायचं. नापास झाली की पुन्हा गोठा. म्हणजे नापास व्हायला हवी. हॉकन सौनात वाफ घ्यायला गेला तेव्हा मी गाडीखाली शिरले आणि हँडब्रेकच्या तारेचा नट फिरवून ती सैल केली. पाच वेढे, मोजून. कुणाला इजा होणार नाही, फक्त नापास होईल. काम संपतंय तोच डोक्यावरची तार ताणली गेली. आत कुणीतरी हँडब्रेक ओढत होतं. बाहेर येऊन पाहिलं. आत कुणी नव्हतं.

१४ मे
ब्योर्ये आज दाराशी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, उल्रिकाबाई, त्या सीटवर बसू नका हो. माईलिसला तिथे दुसरं कुणी बसलेलं खपायचं नाही, हॉकनसुद्धा नाही. म्हणजे परवा हॉकन बसणार, तिच्या उबेत? नाही. गाडी मी नेणार. बायको मी आहे.

१६ मे
पास झाली. तपासनीस म्हणाला, हँडब्रेक उत्तम. पाच वेढे — मी स्वतः —
सीट पुढे घ्यावी लागली नाही. माझे पाय पोचले.
येताना मी गुणगुणत होते. ते गाणं मला येत नाही. शेजारी बसून हॉकन माझ्याकडे असं पाहत होता, जसं त्याने कधीच — मला सुख वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

१७ मे
सगळ्या ब्लाऊजच्या बाह्या आखूड झाल्यात. हॉकनने माईलिस अशी हाक मारली. मी ओ दिली.

१८ मे
माझं नाव उल्रिका. उल्रिका. उल्रिका. उल्रि —
बहिणीचा फोन आला. कोण बोलतंय, म्हणाली. काही सांगता येईना —

१९ मे
घरात एक बाई राहते. माझ्या कपाटात तिचे कपडे, माझ्या नवऱ्याच्या उशीवर तिचा केस. हॉकनला विचारलं. तो म्हणतो, कुणी नाही गं, आता तूच. खोटं बोलतो. मी जरा आजारी काय पडले, याने सवत आणून ठेवली!
तिची ही वही सापडली. वाचली सगळी. माझ्या सीटवर बसली होती. माझ्या गाडीची तार —
ती गेलेली नाही. इथेच आहे. माझ्याच घशातून रडते, बहिणीला हाका मारते. हॉकनने ऐकलं तर त्याला दया येईल. त्याआधी तिला गप्प कसं करायचं ते मला —